स्कूटरसाठी ओपन फेस हेल्मेट निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरं रोज स्कूटर चालवणाऱ्यांसाठी आहेत. ऑफिस, मंडई, मुलांचा क्लास, स्टेशनपर्यंत जाऊन गाडी लावणं, एवढाच ज्यांचा प्रवास, त्यांच्यासाठी. बुलेटवरून लडाखला निघालेल्यांनी फुल फेस घ्यावं. त्यांच्या कामाचं इथे फारसं काही नाही.

ओपन फेस म्हणजे नेमकं कुठलं? दुकानात 'हाफ' मागितलं की चार वेगळ्या वस्तू समोर येतात.

बाजारात ढोबळमानाने तीन प्रकार असतात. पहिला, नुसती टोपी: डोक्याचा वरचा भाग झाकते, कान आणि मान उघडी. दुसरा, ओपन फेस: कपाळापासून मानेच्या वरच्या भागापर्यंत आणि दोन्ही कान पूर्ण झाकणारं कवच, चेहरा मोकळा, समोर खाली-वर होणारी काच. तिसरा, हनुवटीपुढे पट्टी असलेलं फुल फेस. पहिल्या दोन्हींना दुकानदार सर्रास 'हाफ' म्हणतात आणि घोटाळा तिथेच होतो.

डोक्यात घालून आरशात बघा. कानाची पाळी दिसत असेल, किंवा मागे हात लावल्यावर कवटीचा खालचा उंचवटा बाहेर लागत असेल, तर ती टोपी आहे. ती परत ठेवा. बांधकामावरचं पिवळं हेल्मेट आणि सायकलचं हेल्मेट हेही चालत नाही. बांधकामावरच्या हेल्मेटचं मानक आयएस २९२५, दुचाकीच्या हेल्मेटचं आयएस ४१५१. दोन्हींचं काम वेगळं आहे.

फुल फेस जास्त सुरक्षित असेल, तर ओपन फेस घ्यावंच कशाला?

फुल फेस जास्त सुरक्षित आहेच, त्यात वाद नाही. जर्मनीत हॅनोव्हरला डिटमार ओटे या संशोधकाने अपघातांतल्या हेल्मेटवर मार कुठे कुठे बसला याचा नकाशा काढला होता. त्यात सुमारे एक तृतीयांश मार हनुवटी आणि जबड्याच्या भागात होता. ओपन फेसमध्ये तो भाग उघडा राहतो. काच तिथपर्यंत येते, पण ती वारा, धूळ आणि किडे अडवते. रस्ता अडवत नाही.

तरीही ओपन फेसची बाजू घेण्यासारखी आहे. शहरात दर पाच मिनिटांनी सिग्नल, मध्येच कुणाशी बोलणं, एटीएमपाशी थांबणं, मे महिन्यातलं ऊन, चष्मा. या सगळ्यात फुल फेस विकत घेतलेली बरीच मंडळी ते हातात अडकवून किंवा डिकीत ठेवून फिरताना दिसतात. डोक्यावरचं चांगलं ओपन फेस हे डिकीतल्या फुल फेसपेक्षा शंभर पटीने उपयोगी.

माझं मत विचाराल तर: शहरातल्या शहरात, चाळिसाच्या आसपासच्या वेगाला ओपन फेस. रोज मुंबई-नाशिक किंवा पुणे-सातारा महामार्गाचा तुकडा पार करायचा असेल, किंवा घाट असेल, तर फुल फेस. दोन्ही प्रकारचा प्रवास असेल तर हनुवटीची पट्टी वर उचलता येणारं फ्लिप-अप बघा. त्यावर युरोपीय मानकाचं लेबल असेल तर एक अक्षर शोधा: 'जे' म्हणजे हनुवटीला संरक्षण नाही, 'पी' म्हणजे हनुवटीची पट्टीही चाचणीतून गेली आहे, 'एनपी' म्हणजे पट्टी आहे पण तिच्यावर विसंबू नका.

मी तिशीच्या वर गाडी नेतच नाही. मला खरंच गरज आहे?

दीड मीटर उंचीवरून पडलेली कुठलीही वस्तू जमिनीवर आदळताना तिचा वेग ताशी साधारण १९ ते २० किलोमीटर झालेला असतो. स्कूटरवर बसलेल्या माणसाचं डोकं जवळपास त्याच उंचीवर असतं. म्हणजे गाडी उभी असताना, पाय घसरून आडवं झालं तरी डोकं एवढ्या वेगाने रस्त्याला किंवा दुभाजकाच्या कडेला लागू शकतं. गाडीचा वेग हा त्यानंतरचा मुद्दा.

आकडे हवे असतील तर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ जणांच्या मृत्यूची नोंद आहे. त्यांतले १४,३३७ मागे बसलेले होते. जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २००८ साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने प्रसिद्ध केला. त्यानुसार हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो.

डोक्याचं माप कसं घ्यायचं?

शिंप्याची टेप घ्या. भुवयांच्या वर साधारण दोन बोटं, कानांच्या किंचित वरून, मागे डोक्याचा सर्वांत फुगीर भाग असेल तिथून फिरवा. दोन-तीनदा मोजा आणि सर्वांत मोठा आकडा धरा. टेप नसेल तर सुतळी फिरवून ती पट्टीवर मोजली तरी चालतं.

आता गंमत पुढे आहे. आपल्याकडे हेल्मेटवर माप मिलिमीटरमध्ये लिहिलेलं असतं, ५६०, ५८०, ६०० असं, आणि त्याशेजारी एम किंवा एल. ही अक्षरं कंपनीगणिक बदलतात. एका कंपनीचं ५८० हे मीडियम असतं, दुसरीचं तेच लार्ज. त्यामुळे 'मला एम लागतं' म्हणून डोळे मिटून घेऊ नका, मिलिमीटरचा आकडा बघा. दोन मापांच्या मध्ये अडकलात तर आधी लहान घालून पाहा.

मग दुकानातच या गोष्टी करा. पट्ट्याची दोन टोकं धरून हेल्मेट थोडं फाकवा आणि घाला. गाल आतल्या गाद्यांना चिकटले पाहिजेत. डोकं डावी-उजवीकडे झटका. हेल्मेटबरोबर कपाळाची आणि गालाची कातडी ओढली गेली पाहिजे; कातडी जागेवर आणि हेल्मेट एकटंच फिरतंय असं झालं तर माप मोठं. नंतर पट्टा लावा, मान जरा पुढे झुकवा आणि बरोबरच्या माणसाला मागची कड धरून हेल्मेट वर-पुढे ढकलायला सांगा. ते डोक्यावरून निसटून पुढे आलं तर ते घेऊ नका, कितीही आवडलेलं असो. ही शेवटची तपासणी फार थोडे लोक करतात, आणि ओपन फेसमध्ये तीच सर्वांत महत्त्वाची. हनुवटीकडे अडवायला काही नसल्याने सैल ओपन फेस पडताना सहज उडून जातं.

यानंतर ते घालूनच पंधरा-वीस मिनिटं दुकानात थांबा. पावती करा, दुसऱ्या गोष्टी बघा, फोन उरका. दुकानदार वैतागला तर वैतागू दे. पुढची तीन-चार वर्षं ते तुम्हाला घालायचंय.

माप बरोबर आहे, तरी कपाळाच्या मध्यभागी दुखतं. असं का?

कारण घेर सारखा असला तरी डोक्याचा आकार सारखा नसतो. काहींचं डोकं वरून पाहिलं तर गोलसर असतं, काहींचं पुढे-मागे लांबट. गोल हेल्मेटमध्ये लांबट डोकं गेलं की कपाळावर एकाच जागी दाब येतो आणि कानांवर मात्र पोकळी राहते. लांबट हेल्मेटमध्ये गोल डोकं गेलं की कानशिलं चेपतात. अर्ध्या तासात डोकं ठणकायला लागतं आणि माणूस म्हणतो, 'मला हेल्मेट सहनच होत नाही.' खरं तर त्याला ते मॉडेल सहन होत नसतं.

पंधरा मिनिटांनी हेल्मेट काढून आरशात बघा. कपाळभर हलकी लाली असेल तर ठीक. रुपयाएवढा एकच लाल डाग असेल तर तिथे दाब येतोय. अशा वेळी मोठं माप घेऊ नका. त्याने दुखणं थांबेल, पण हेल्मेट सैल होईल. दुसरं मॉडेल किंवा दुसरी कंपनी बघा. आणि आतला थर्माकोल दाबून, तासून जागा करून देतो असं कुणी म्हणालं तर दुकानातून बाहेर पडा.

नवीन हेल्मेट घट्ट वाटतं. पुढे सैल होतं का?

गालाच्या गाद्या होतात. दोन-तीन आठवड्यांत त्या चेहऱ्याप्रमाणे बसतात. त्यामुळे सुरुवातीला गाल जरा वर आल्यासारखे दिसले, बोलताना गालफडं दातांखाली येतायत असं वाटलं, तरी चालेल. कपाळाला किंवा टाळूला मात्र पहिल्या दिवशी दुखत असेल तर महिन्यानेही दुखणार, कारण तिथे पातळ कापडामागे थेट थर्माकोल असतो.

हेल्मेट जितकं हलकं तितकं आरामदायक, बरोबर?

अर्धं बरोबर. बहुतेक ओपन फेस हेल्मेटं पाऊण ते एक किलोच्या आसपास असतात, फुल फेस त्याहून तीन-चारशे ग्रॅम जड. तासभराच्या प्रवासात हा फरक मानेला जाणवतो. पण नीट बसलेलं एक किलोचं हेल्मेट हे सैल बसलेल्या आठशे ग्रॅमपेक्षा हलकं वाटतं. सैल हेल्मेट प्रत्येक खड्ड्यात डोक्यावर आपटतं, वाऱ्याने मागे ओढलं जातं, आणि त्याला जागेवर ठेवायला मान नकळत काम करत राहते.

फारच हलकं, हातात घेतल्यावर खेळण्यासारखं वाटणारं हेल्मेट असेल तर आतलं अस्तर बाजूला करून बघा. त्याखाली अंगठ्याच्या रुंदीइतका तरी जाड, घट्ट थर्माकोल दिसला पाहिजे. कवच तुटण्यापासून, घासण्यापासून वाचवतं. धक्का पिऊन घेण्याचं काम थर्माकोल करतो. दाबला जाऊन, चिरडून तो डोक्याला थांबायला थोडा जास्त वेळ देतो. नुसता मऊ स्पंज असेल तर आत काहीच नाही असं समजा. बोटाने दाबून 'किती मऊ आहे' म्हणणारे बरेच भेटतात. तो मऊपणा फक्त दुकानात बरा वाटतो.

आयएसआयचा शिक्का खरा की खोटा, कसं ओळखायचं? रस्त्याच्या कडेला तीनशेलाही शिक्क्याचं मिळतं.

१ जून २०२१ पासून देशात दुचाकीसाठी भारतीय मानक ब्युरोचं (बीआयएस) प्रमाणपत्र नसलेलं हेल्मेट बनवायला आणि विकायला मनाई आहे. तरी रस्त्याकडेच्या बांबूवर ती लटकलेली दिसतातच. खऱ्या चिन्हात तीन गोष्टी असतात: वर आयएस ४१५१, मध्ये आयएसआयचं चिन्ह, खाली सीएम/एल आणि परवाना क्रमांक. नुसती आयएसआय ही तीन अक्षरं छापलेली असतील तर त्याला काही अर्थ नाही.

क्रमांक असेल तर तो पडताळता येतो. मोबाईलवर 'बीआयएस केअर' हे सरकारी ॲप घ्या, त्यात परवाना क्रमांक टाका. उत्पादकाचं नाव, पत्ता आणि परवाना चालू आहे का, हे दिसतं. नाव हेल्मेटवरच्या कंपनीशी जुळलं पाहिजे. शोरूममध्येही हे करून बघायला हरकत नाही.

परदेशातून कुणी ईसीई (युरोपीय) किंवा डीओटी (अमेरिकी) मानकाचं हेल्मेट आणलं तर ते दर्जाने बहुधा उत्तम असेल, पण इथल्या कायद्याला हवं ते भारतीय मानकच.

पट्टा लावायचा कंटाळा येतो. शहरात नुसतं घातलं तर चालत नाही का?

नाही. आणि हे माझं मत नाही, कायद्याचं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये हेल्मेटची जी व्याख्या आहे, तिच्यातच ते पट्ट्याने डोक्याला घट्ट बांधलेलं असावं असं म्हटलंय. पट्टा मोकळा असेल तर कायद्याच्या दृष्टीने तुम्ही हेल्मेट घातलेलंच नाही. कलम १९४ ड प्रमाणे १,००० रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबित होण्याची तरतूद आहे.

कंटाळा हा बरेचदा लॉकचा दोष असतो. साध्या प्लास्टिकच्या क्लिपा वर्षभरात सैल होतात किंवा एका हाताने उघडत नाहीत. दातेरी पट्टी सरकवून बसवायचं धातूचं लॉक मिळतं. ते स्कूटरवाल्यांसाठी सर्वांत सोयीचं. एकदा लांबी बसवली की रोज फक्त सरकवायचं, हातमोज्यानेही उघडतं. दोन कड्यांतून पट्टा ओवायचा प्रकार सर्वांत भक्कम, पण दिवसातून दहा वेळा उतरणाऱ्याला त्याचा जाच होतो. पट्टा आणि गळा यांत दोन बोटं जावीत, मूठ नाही.

काच कशी निवडावी?

स्वच्छ, बिनरंगी आणि हनुवटीच्या खालपर्यंत येणारी. अर्धी काच नाकापाशी संपते. मग वारा खालून वर येतो, डोळ्यांतून पाणी येतं, आणि शेवटी माणूस डोळे बारीक करून गाडी चालवतो. फुगीर काच असेल तर नाकाला, चष्म्याला जागा मिळते.

काळी काच दिवसा बरी वाटते, संध्याकाळी सातनंतर तीच काच वर करून, डोळ्यांत किडे घेत घरी यावं लागतं. उन्हासाठी हवं असेल तर आतून खाली येणारी छोटी गडद काच असलेलं मॉडेल घ्या, नाहीतर बिनरंगी काच आणि खाली साधा गॉगल.

काच दोन्ही बाजूंना स्क्रूने बसते, पुढे नुसती बटणांनी अडकवलेली नसते, असं मॉडेल पाहा. बटणवाली टोपीची झडप दिसायला झकास असते, पण साठच्या वेगाला वारा तिच्यात भरतो आणि हेल्मेट मागे खेचतो. आणि घेतानाच विचारा की या मॉडेलची सुटी काच मिळते का. काच ही झिजणारी वस्तू आहे. ओरखड्यांनी भरली की रात्री समोरच्या दिव्यांचे फटाके दिसायला लागतात, तेव्हा ती बदलायचीच.

काच पुसायची कशाने?

आधी पाण्याने धूळ वाहू द्या, मग सौम्य साबणाचं पाणी आणि मऊ कापड. कोरड्या धुळीवर रुमाल फिरवला की ओरखडे पडतात. पेट्रोल, थिनर, स्पिरिट, काचतावदानं पुसायचे अमोनियावाले स्प्रे, यांतलं काहीही नको. काच ज्या पॉलिकार्बोनेट प्लास्टिकची असते ते त्याने धुरकट होतं आणि कवचही आतून कमजोर पडू शकतं.

पावसाळ्यात ओपन फेस चालतं का?

चालतं, पण लांब काचेचंच. थेंब चेहऱ्यावर खड्यांसारखे लागतात हे कोल्हापूर-रत्नागिरीकडच्यांना सांगायला नको. काचेच्या वरच्या कडेला रबर आहे का बघा. नसेल तर कपाळावरून पाणी काचेच्या आतल्या बाजूने ओघळतं आणि ते पुसता येत नाही. वाफ धरण्याचा त्रास ओपन फेसला फुल फेसपेक्षा कमी होतो, कारण खालून हवा खेळते. तरी सिग्नलला काच एक खाच वर ठेवा. काचेच्या आतून द्रव साबणाचा एक थेंब चोळून कोरड्या कापडाने पूर्ण पुसला तर एक-दोन दिवस वाफ कमी बसते.

रेनकोटची टोपी हेल्मेटच्या आत घालू नका. तिच्यामुळे हेल्मेट डोक्यावरून सरकतं आणि मान वळवली की एका बाजूचं दिसेनासं होतं. ती टोपी मागे कॉलरच्या आत खोचून टाका.

ओलं हेल्मेट रात्री डिकीत राहिलं की सकाळी त्याला जो वास येतो, त्यावर उपाय नाही. गाद्या काढता येत असतील तर काढून पंख्याखाली टाका, नसतील तर आत वर्तमानपत्राचे बोळे भरा. हेअर ड्रायर, गॅसशेजारी किंवा गीझरवर ठेवणं टाळा, उष्णतेने थर्माकोल खराब होतो. काढून धुता येणाऱ्या गाद्यांसाठी दोन-तीनशे रुपये जास्त पडले तरी द्या. पहिल्याच पावसाळ्यात ते वसूल होतात.

उन्हाळ्यात डोकं भिजून जातं. केसही गळतात म्हणे?

नागपूर-चंद्रपूरच्या उन्हात घाम येणारच, हेल्मेट असो वा नसो. पांढरा किंवा फिकट रंग घ्या, पुढे-वर हवेची भोकं उघडझाप होणारी असावीत, आणि आत पातळ सुती टोपी किंवा रुमाल घाला. तो रोज धुता येतो, म्हणून हेल्मेट स्वच्छ राहतं.

हेल्मेटने टक्कल पडतं हा समज जुना आहे. केस ओढून, घट्ट बांधून वर हेल्मेट दाबलं तर मुळांवर ताण येतो, आणि घामट, न धुतलेल्या अस्तराने कोंडा किंवा फोड येऊ शकतात. दोन्हींवर इलाज हेल्मेट धुण्याचा आणि केस सैल बांधण्याचा आहे. ओल्या केसांवर हेल्मेट घालून निघणं हे त्यातलं सर्वांत वाईट.

लांब केस, अंबाडा, स्कार्फ, झुमके. यांचं काय करायचं?

उंच बांधलेली पोनी आणि अंबाडा दोन्ही हेल्मेटचे शत्रू. उंच पोनीवर हेल्मेट टेकत नाही, मानेवरचा अंबाडा मागची कड वर ढकलतो आणि हेल्मेट कपाळावर येतं. सैल वेणी किंवा मानेच्या खाली बांधलेला पोनी सर्वांत चांगला. काही मॉडेलना मागे पोनीसाठी खाच असते. ती उपयोगी आहे, पण खाच आहे म्हणून माप सैल घेऊ नये.

स्कार्फ हा पुण्यातल्या मुलींचा जवळजवळ गणवेश, तो सुटणार नाही हे धरूनच चालू. मग माप स्कार्फ बांधूनच घ्या. डोक्यावर एकच पदर येऊ द्या, गाठ मानेच्या खाली आणा. हेल्मेटच्या आत गाठ राहिली तर दहा मिनिटांत तिथे दुखायला लागतं, आणि पडल्यावर ती गाठ कुठे रुतेल हे सांगायला नको. लोंबते कानातले पर्समध्ये, गजरा पोचल्यावर. टिकलीचं काय, ती अस्तराला चिकटायचीच.

चष्मा आहे. श्रवणयंत्रही आहे.

चष्म्यासाठी ओपन फेस खरोखर सोयीचं. फुल फेसमध्ये आधी चष्मा काढून, हेल्मेट घालून मग परत खुपसावा लागतो. सरळ, पातळ काड्यांचा चष्मा घ्या, कानामागे फार वळलेल्या काड्या गादीखाली दाबल्या जातात. श्रवणयंत्र कानामागचं असेल तर कानापाशी पोकळी असलेलं मॉडेल बघा आणि यंत्र चालू ठेवून दुकानात घालून पाहा. शिट्टीसारखा आवाज आला तर गादी यंत्राला टेकतेय.

हेल्मेटने ऐकू कमी येतं, बाजूचं दिसत नाही, मानेचे मणके जातात. खरं आहे का?

हे तीन आक्षेप पुण्यात १ जानेवारी २०१९ ला हेल्मेटसक्ती सुरू झाली तेव्हा चौकाचौकात ऐकू येत होते, विरोधात मोर्चाही निघाला होता. आता निदान वाद शांतपणे घालता येतो.

दिसण्याचं बघा: ओपन फेसमध्ये दोन्ही बाजूंचं इतकं मोकळं दिसतं की हा आक्षेप त्याला लागूच पडत नाही. कमी दिसत असेल तर हेल्मेट पुढे घसरलंय, किंवा काच ओरखडलीय. ऐकण्याचं: हेल्मेटने आवाज थोडा दबतो, पण वाऱ्याचा घोंघाटही दबतो, त्यामुळे हॉर्न ऐकू येतोच. कानात इअरफोन घालून वर हेल्मेटला दोष देणारे मात्र आहेत. मणक्यांचं: आधीपासून मानेचं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारून हलकं, नीट बसणारं हेल्मेट घ्या. सरळ बसून चालवायच्या स्कूटरवर एक किलोचा भार निरोगी मान सहज पेलते.

हेल्मेट आणि कान यांच्या मध्ये फोन खुपसून बोलणं हा ओपन फेसवाल्यांचा खास रोग. गादी सैल होते, मान वाकडी राहते, आणि चलान येतं ते वेगळंच.

आई मागे एका बाजूला बसते. तिलाही लागतं?

लागतं. कलम १२९ चालवणारा आणि मागे बसणारा असा भेद करत नाही. मुंबईत २०२२ च्या जूनपासून मागे बसणाऱ्यांवरही कारवाई सुरू झाली. पगडी घातलेल्या शिखांना सूट आहे, साडीला नाही. आईसाठी हलकं ओपन फेस, सोपं सरकतं लॉक आणि शक्यतो छोटं कवच असलेलं घ्या, म्हणजे ब्रेक मारला की दोघांची हेल्मेटं टक्कर खात नाहीत. घरातलं जुनं, मोठं हेल्मेट तिच्या डोक्यावर ठेवून देऊ नका. तिच्या डोक्याचं मापही टेपनेच घ्या.

मुलांसाठी?

चार वर्षांवरच्या मुलाला मोठ्यांसारखंच हेल्मेट सक्तीचं. चारच्या आतल्या मुलासाठी १५ फेब्रुवारी २०२३ पासून वेगळा नियम आहे: चालवणाऱ्याला बांधायचा पट्टा, डोक्याला मापाचं हेल्मेट, आणि वेग ताशी ४० किलोमीटरपेक्षा जास्त नाही. मोठ्यांचं लहान माप आणि मुलांचं हेल्मेट या वेगळ्या वस्तू आहेत. 'पुढच्या वर्षीही होईल' म्हणून शाळेच्या गणवेशासारखं वाढतं माप घेऊ नका.

डिकीत मावेल का?

गाडीवर अवलंबून. ॲक्टिव्हाची डिकी १८ लिटरची, तिथे फुल फेस बहुधा बसत नाही, आटोपशीर ओपन फेस बसू शकतं. ज्युपिटर १२५ सारख्या ३३ लिटरच्या डिकीत दोन ओपन फेस आरामात. पण लिटरवर जाऊ नका, आकार महत्त्वाचा. घेण्याआधी खाली गाडीपाशी जाऊन सीट बंद करून बघा. सीट दाबून बंद करावी लागत असेल तर रोज काचेवर तोच दाब येणार.

आरशाला अडकवलं तर काय बिघडतं?

आरशाचं टोक आतल्या थर्माकोलमध्ये रुततं आणि तिथे खळगा पडतो. तो परत भरून येत नाही. सीटखालच्या हुकाला पट्ट्याची कडी अडकवा, किंवा बरोबर घेऊन जा.

हातातून पडलं. फेकून द्यायचं?

रिकामं हेल्मेट सीटवरून खाली पडलं तर लगेच घाबरू नका. कवचाला तडा आहे का, आत थर्माकोलला भेग किंवा चेपलेली जागा आहे का, ते अस्तर काढून बघा. डोक्यात असताना जोरात आपटलं असेल तर मात्र बाहेरून नवं दिसत असलं तरी बदला. दाबलेला थर्माकोल दुसऱ्यांदा काम करत नाही. अपघात नसला तरी बहुतेक कंपन्या तीन ते पाच वर्षांत बदलायला सांगतात. याच कारणाने सेकंडहँड हेल्मेट घेऊ नये, त्याचा इतिहास तुम्हाला कुणी सांगणार नाही.

रंगाने काही फरक पडतो?

न्यूझीलंडमधल्या ऑकलंड भागातला एक अभ्यास २००४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला होता. त्यात काळ्या हेल्मेटच्या तुलनेत पांढऱ्या हेल्मेटवाल्यांना अपघातात इजा होण्याचा धोका सुमारे २४ टक्क्यांनी कमी आढळला. आपल्याकडे मॅट काळा सर्वांत जास्त खपतो. तो उन्हात तापतो, रात्री दिसत नाही आणि धुळीने दोन दिवसांत राखाडी होतो. घ्यायचाच असेल तर मागे परावर्तक पट्टी लावा.

गाडीबरोबर शोरूमने हेल्मेट दिलं. तेच वापरू?

नवीन दुचाकीबरोबर मानकाप्रमाणे हेल्मेट देणं हे केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार उत्पादकाला बंधनकारक आहे, तेव्हा ते मागून घ्याच. डोक्याला बसलं तर वापरा. पण ते गाडीच्या मापाने येतं, तुमच्या नाही. ताब्यात घेतानाच घालून बघा आणि दुसरं माप मागा. एकदा गाडीचे हार-पेढे झाले की कुणी बदलून देत नाही.

गोव्यात भाड्याच्या स्कूटरबरोबर जे मिळतं ते?

बहुतेक वेळा सैल, घामट आणि लॉक तुटलेलं. जागा असेल तर स्वतःचं न्या. नसेल तर गाडी घेताना चार हेल्मेटं घालून बघा, पट्टा लागतो तेच घ्या, आत पातळ रुमाल घाला.

कंपनी कोणती घ्यावी आणि किती खर्च करावा?

वेगा आपल्या शेजारच्या बेळगावची, स्टड्स फरिदाबादची, स्टीलबर्डचा कारखाना हिमाचलमधल्या बद्दीला. तिघांचीही ओपन फेस सगळीकडे मिळतात आणि सुट्या काचा, गाद्याही सापडतात. यांतली कुठली चांगली यापेक्षा कुणाचा साचा तुमच्या डोक्याला बसतो हे महत्त्वाचं. हजार-दीड हजारात प्रमाणित, चांगल्या काचेचं ओपन फेस मिळतं. त्यावरचे पैसे हलकं कवच, धुता येणाऱ्या गाद्या, धातूचं लॉक, आतली गडद काच यांचे. नक्षी आणि स्टिकरचे पैसे वेगळे असतात, ते देऊ नका.

ऑनलाइन घेणार असाल तर आधी दुकानात तेच मॉडेल, तेच माप घालून बघा. दुकानदाराने अर्धा तास दिला असेल तर पन्नास-शंभर रुपयांसाठी ऑनलाइन जाऊ नका. काच बदलायला पुढच्या वर्षी त्याच्याकडेच जायचंय.